घराआधी नकाशा : बांधकाम परवानगीसाठी जागेचा आराखडा कसा तयार करावा

आखाजीच्या सणाला सुरतेहून धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आपापल्या गावी परतणाऱ्या कुटुंबांत बहुधा दोन विषय निघतात. एक मुलामुलींच्या लग्नाचा आणि दुसरा घराचा. सुरतेतील उधना, लिंबायत, पांडेसरा व डिंडोली या भागांत खानदेशातील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत. कोणी मागावर काम करतो, कोणी कापडाच्या बाजारात, तर कोणी स्वतःचा लहानसा धंदा करतो. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून त्यांची मुले शिकतात. वर्षानुवर्षे पै-पै साठवून घेतलेल्या सुरतेतील चिमुकल्या भूखंडावर दोन खोल्या चढवाव्यात, किंवा गावाकडील पडक्या घराच्या जागी पक्के घर बांधावे, ही त्यांची मनीषा असते.

अशा वेळी विटा, सिमेंट व लोखंड यांचा हिशेब प्रथम होतो. गवंडी ठरतो, मुहूर्त काढला जातो. नकाशाचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. 'अर्जाला जोडायचा एक कागद' एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते आणि कोणाकडून तरी घाईघाईने तो काढून घेतला जातो. पुढे अर्ज परत येतो, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद उभा राहतो, किंवा बांधलेली भिंत रस्त्याच्या रेषेत आल्याचे कळते. वस्तुतः घराचा पाया जमिनीत घालण्यापूर्वी तो कागदावर घालावा लागतो. कागदावरील चूक खोडरबराने पुसता येते. जमिनीवरील चूक पुसण्यासाठी पहार लागते.

दोन राज्ये, एक परंपरा

सुरत जिल्हा १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जमिनीच्या कारभारातील पुष्कळ शब्द आणि कागद दोन्ही राज्यांत आजही सारखे आहेत. सात-बारा व आठ-अ हे उतारे गुजरातेतही ओळखीचे आहेत. मुंबई इलाख्याची जमीन महसूल संहिता १८७९ ची. तिचा वारसा दोन्ही राज्यांकडे आला. नगररचनेचेही तसेच आहे. मुंबई नगररचना अधिनियम प्रथम १९१५ मध्ये झाला आणि त्याची जागा १९५४ च्या अधिनियमाने घेतली. राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम केला, तर गुजरातने १९७६ मध्ये नगररचना व नागरी विकास अधिनियम केला.

सुरतेत नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि १९६६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. शहराभोवतालच्या प्रदेशासाठी १९७८ मध्ये सुरत नागरी विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. म्हणून अर्जदाराने पहिला प्रश्न असा विचारावा की, आपली जागा कोणाच्या हद्दीत येते? महानगरपालिकेच्या, प्राधिकरणाच्या की ग्रामपंचायतीच्या? नकाशा ज्या नियमांनी तपासला जावयाचा ते नियम या एका उत्तरावर अवलंबून असतात. गुजरातेत २०१७ ची सर्वसमावेशक सामान्य विकास नियंत्रण नियमावली आहे. महाराष्ट्रात मुंबई शहर व काही क्षेत्रे वगळता २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. या नियमावल्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. सबब अर्जाच्या वेळी लागू असलेला पाठ संबंधित कार्यालयात पाहून घेणे इष्ट होय.

एक नव्हे, तीन नकाशे

सामान्यतः ज्याला 'घराचा नकाशा' म्हटले जाते, त्यात तीन वेगवेगळी चित्रे असतात.

पहिला स्थानदर्शक नकाशा. जागा गावात किंवा शहरात कोठे आहे, जवळचा मुख्य रस्ता, शाळा, देऊळ, नाला किंवा रेल्वेमार्ग कोणता, हे तो सांगतो. पाहणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्याला कोणालाही न विचारता जागेवर पोहोचता आले पाहिजे, ही त्याची कसोटी आहे.

दुसरा जागेचा नकाशा. भूखंडाच्या चारही हद्दी, त्यांची लांबी, शेजारी कोण आहे, रस्ता किती रुंद आहे आणि प्रस्तावित इमारत भूखंडाच्या नेमक्या कोणत्या भागात बसणार, हे यावर दाखविले जाते. या लेखाचा मुख्य विषय हाच नकाशा आहे. पुष्कळशा अर्जांत उणीव राहते ती येथेच.

तिसरा इमारतीचा आराखडा. यात प्रत्येक मजल्यावरील खोल्या, भिंती, दारे, खिडक्या व जिने, तसेच उभा छेद आणि दर्शनी भाग यांची चित्रे असतात.

या तिन्ही नकाशांची प्रमाणे निरनिराळी असतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एक हेक्टरपर्यंतच्या जागेचा नकाशा किमान १:५०० या प्रमाणात असावा लागतो आणि इमारतीचा आराखडा सामान्यतः १:१०० या प्रमाणात काढतात. १:१०० याचा अर्थ असा की, जमिनीवरील १ मीटर कागदावर १ सेंटिमीटर होतो. १:५०० मध्ये जमिनीवरील ५ मीटर कागदावर १ सेंटिमीटर होतात. म्हणजे १५ मीटर लांबीची हद्द पहिल्या प्रमाणात १५ सेंटिमीटर, तर दुसऱ्या प्रमाणात ३ सेंटिमीटर दिसेल. शाळेतील भूमितीच्या तासाला शिक्षकांनी एवढे एक उदाहरण शाळेच्याच आवारावर करून दाखविले, तर मुलांना प्रमाणाची कल्पना कायमची कळेल आणि घरी वडिलांचा नकाशा तपासण्याइतके ज्ञान त्यांच्या हाती येईल.

आधी कागद, मग टेप

मोजमाप सुरू करण्यापूर्वी मालकीचे आणि हद्दीचे कागद एकत्र करावेत. शेतजमिनीसाठी सात-बारा व आठ-अ, नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, आणि भूमि अभिलेख खात्याने केलेल्या मोजणीच्या नकाशाची प्रत, हे मुख्य कागद होत. महाराष्ट्रात मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी 'क' प्रत सर्वांच्या परिचयाची आहे. शेतजमिनीचा वापर घरासाठी करावयाचा असल्यास अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गुजरातेत यालाच 'बिनखेती' म्हणतात.

खरेदीखतातील क्षेत्रफळ, उताऱ्यातील क्षेत्रफळ आणि जागेवरील क्षेत्रफळ या तीन आकड्यांचा मेळ घालणे हे नकाशाचे पहिले काम आहे. येथे मापांचा घोळ होतो. सुरतेत भूखंडाचा व्यवहार 'वारा'त होतो. खानदेशात गुंठ्यात होतो. उताऱ्यात हेक्टर व आर असतात. आणि परवानगीच्या नकाशावर चौरस मीटर लिहावे लागतात. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, अर्थात सुमारे ०.८३६ चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १२१ चौरस वार किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. १ आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. म्हणून गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असले तरी एकच नव्हेत. समजा, सुरतेतील एखाद्या सोसायटीत १२ फूट रुंद व ४० फूट लांब असा भूखंड आहे. त्याचे क्षेत्रफळ ४८० चौरस फूट, म्हणजे ५३.३३ वार, म्हणजेच सुमारे ४४.६ चौरस मीटर झाले. विघ्याचे माप मात्र प्रांतोप्रांती निराळे असल्याने त्यावर विसंबून नकाशा काढू नये.

गुंठ्याच्या ३३ फुटांमागे इतिहास आहे. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी भूमापन पद्धती सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. ३३ फुटी साखळी आणि तिचे १६ आणे हे त्या पद्धतीचे माप होते. तीतील जुनी टिपणे व फाळणी नकाशे आजही हद्दीच्या वादात पुरावा म्हणून उघडले जातात. कागदावर नीट नोंदलेले एक माप दीडशे वर्षांनंतरही दोन भावांतील भांडण मिटवू शकते.

चौकोन दिसतो, पण असतोच असे नाही

जागा मोजताना सर्वसाधारण माणूस चारही बाजू मोजतो आणि समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतो. भूखंड काटकोनी असेल तरच हा हिशेब बरोबर येतो. गावठाणातील आणि जुन्या वस्तीतील जागा क्वचितच काटकोनी असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, भूखंडाची दर्शनी बाजू ९ मीटर, उजवी १२ मीटर, मागची १४ मीटर आणि डावी १३ मीटर आहे. सरासरीच्या रीतीने ११.५ गुणिले १२.५, म्हणजे १४३.७५ चौरस मीटर क्षेत्र येते. आता याच भूखंडाचा एक कर्ण, म्हणजे दर्शनी बाजूच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर, मोजून पाहू. ते १५ मीटर भरले. कर्णामुळे भूखंडाचे दोन त्रिकोण झाले. ९, १२ व १५ मीटर बाजूंच्या त्रिकोणात कर्णावरील लंब ७.२ मीटर येतो. म्हणून त्याचे क्षेत्र ५४ चौरस मीटर. १३, १४ व १५ मीटर बाजूंच्या त्रिकोणात लंब ११.२ मीटर येतो; म्हणून त्याचे क्षेत्र ८४ चौरस मीटर. दोहोंची बेरीज १३८ चौरस मीटर होते.

दोन हिशेबांत ५.७५ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ ६२ चौरस फुटांचा फरक पडला. एका न्हाणीघरापेक्षा ही जागा मोठी आहे. नकाशात नसलेली ही जागा आहे असे समजून इमारत आखली, तर तेवढा भाग शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा रस्त्यावर जाणार हे उघड आहे. म्हणून चार बाजूंबरोबर कर्ण मोजल्याशिवाय नकाशा काढू नये. शक्य तर दोन्ही कर्ण मोजावेत. म्हणजे एका कर्णावरून काढलेला नकाशा दुसऱ्याने तपासता येतो.

भिंतींचा काटकोन पाहण्याची गवंड्याची जुनी रीतही उपयुक्त आहे. कोपऱ्यापासून एका बाजूस ३ फूट व दुसऱ्या बाजूस ४ फूट अशा खुणा कराव्यात. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोन काटकोन आहे. टेप ताणून व आडवी समपातळीत धरावी. उतारावर जमिनीला चिकटवून मोजल्यास लांबी वास्तवाहून जास्त भरते. मोजमाप करताना शेजारच्या मालकांना बोलावून घेणे कायद्याच्या दृष्टीने नसले तरी सलोख्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. हद्दीविषयी मतभेद असल्यास स्वतः निर्णय न करता भूमि अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा.

जागेच्या नकाशावर काय दाखवावे

राष्ट्रीय इमारत संहितेने जागेच्या नकाशातील बाबी सांगितल्या आहेत. स्थानिक नियमही बहुतेक त्याच धर्तीचे आहेत. त्या थोडक्यात अशा :

१. भूखंडाच्या सर्व हद्दी व त्यांची लांबी. तसेच लगतची जमीन त्याच मालकाची असल्यास तीही.
२. लगतच्या रस्त्यांची नावे व रुंदी आणि रस्त्यावरून भूखंडात येण्याची वाट.
३. भूखंडावर आधीच उभ्या असलेल्या सर्व इमारती आणि लगतच्या जमिनीवरील जवळची बांधकामे.
४. प्रस्तावित इमारत व तिच्या चारही बाजूंस सोडलेली मोकळी जागा, म्हणजेच सामासिक अंतरे.
५. विहीर, तळे, नाला, गटार व झाडे.
६. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, पाण्याची व सांडपाण्याची वाहिनी.
७. उत्तर दिशा, वापरलेले प्रमाण, भूखंडाचे एकूण क्षेत्र व बांधकामाखालील क्षेत्र.

यांतील विजेच्या तारांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घर एकमजली असताना डोक्यावरची तार त्रास देत नाही. वर मजला चढला की ती गच्चीवरील मुलाच्या हाताशी येते. संहितेनुसार कमी व मध्यम दाबाच्या तारेपासून उभे अंतर किमान २.५ मीटर व आडवे अंतर किमान १.२ मीटर, आणि ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उच्च दाबाच्या तारेपासून उभे अंतर ३.७ मीटर व आडवे १.२ मीटर असावे लागते. नकाशावर तार दाखविली असेल तर तपासणारा अधिकारी वेळीच सावध करू शकतो. दाखविली नसेल तर ती कोणाच्याच ध्यानात येत नाही.

उत्तर दिशा केवळ शोभेचा बाण नव्हे. ऊन, वारा आणि पावसाचा झोत कोठून येणार, हे तिच्यावरून कळते. ती अंदाजाने न काढता होकायंत्राने किंवा मोजणीच्या नकाशावरून घ्यावी.

रंगांची भाषा

परवानगीच्या नकाशात रंगांना ठरलेला अर्थ आहे. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, अस्तित्वातील रस्ता हिरव्या रंगाने, नवीन प्रस्तावित काम लाल रंगाने आणि पाडावयाचे जुने काम पिवळ्या रेघाट्यांनी दाखवितात. सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेने, तर पाणीपुरवठ्याची वाहिनी बारीक काळ्या तुटक रेषेने दाखविली जाते. जुन्या घराची एखादी भिंत ठेवून नवीन खोली जोडावयाची असेल, तर हा भेद विशेष महत्त्वाचा असतो. जुने व नवे काम एकाच रंगात दाखविले म्हणजे परवानगी कशाची मागितली आहे, हेच समजत नाही.

पूर्वी हे नकाशे मेणकापडावर शाईने काढून त्यांच्या निळ्या प्रती घेतल्या जात. आता बहुतेक शहरांत अर्ज व नकाशे संगणकीय प्रणालीवर सादर होतात आणि भूखंडाची हद्द, इमारत, रस्ता, मोकळी जागा हे घटक वेगवेगळ्या थरांत काढावे लागतात. संगणक नियमांशी आकडे ताडून पाहतो आणि उणीव दाखवितो. परंतु मूळ मोजमापच चुकीचे असेल, तर ती चूक त्याला कळत नाही. जागेवर टेप धरणाऱ्या माणसाची जबाबदारी त्यामुळे कमी झालेली नाही.

सुरतेतील विशेष : मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड

सुरतेत जागा घेणाऱ्याने 'टी.पी.' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. नगररचना परियोजनेत अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र आखल्या जातात. त्यांतून रस्ते, बागा, शाळा व इतर सार्वजनिक सोयी यांसाठी जागा काढली जाते आणि उरलेली जमीन नव्या, सुबक आकारात मालकांना परत दिली जाते. परियोजनेपूर्वीची जमीन हा 'मूळ भूखंड' आणि नंतर मिळणारी जमीन हा 'अंतिम भूखंड' होय. सुरतेत त्यास सर्वजण 'फायनल प्लॉट' किंवा 'एफ.पी.' म्हणतात. अंतिम भूखंड क्षेत्राने लहान असतो. त्याचा आकार बदललेला असतो. कधी कधी तो मूळ जागेपासून सरकलेलाही असतो.

सर्वसामान्य अर्जदाराची फसगत नेमकी येथेच होते. त्याच्या हातातील उताऱ्यावर सर्व्हे क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या जुन्या हद्दीप्रमाणे तो नकाशा काढून घेतो. प्रत्यक्षात परियोजनेचा रस्ता त्या जमिनीच्या मधून गेलेला असतो. म्हणून सुरतेत नकाशाचे काम सुरू करण्यापूर्वी झोन दाखला व परियोजनेच्या नकाशातील संबंधित भागाची प्रत घ्यावी, आणि मूळ व अंतिम भूखंडाचे क्षेत्र दर्शविणारा 'एफ' नमुना पाहावा. नकाशावर सर्व्हे क्रमांकाबरोबर परियोजनेचा क्रमांक व अंतिम भूखंडाचा क्रमांक लिहावा. सोसायटीतील उपभूखंड असल्यास मंजूर अभिन्यासातील त्याचा क्रमांकही द्यावा.

शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून केवळ मुद्रांकाच्या कागदावर विकलेले भूखंड हा दोन्ही राज्यांतील दुःखद विषय आहे. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा मुंबई अधिनियम १९४७ इतका जुना आहे. मंजूर अभिन्यास नसलेल्या भूखंडाचा नकाशा कितीही सुंदर काढला, तरी परवानगी मिळण्यास अडचण येते. अशी बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला आणि गुजरातेतही २०२२ मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. तथापि अशा प्रत्येक वेळी जसे बांधले आहे तसा नकाशा द्यावाच लागतो आणि रस्ता अडविणारे किंवा धोकादायक काम त्यातून सुटत नाही. म्हणून बयाणा देण्यापूर्वी मंजूर अभिन्यासाची प्रत मागणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पाणी आणि आग

नकाशातील रेषांशी माणसांचे प्राण बांधलेले असतात, हे सुरतेइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या शहराने पाहिले असेल? १८३७ या एकाच वर्षी या शहराला प्रथम भीषण आगीने आणि नंतर तापीच्या महापुराने ग्रासले होते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. लिंबायतसारख्या भागांत मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात वस्तीत शिरते.

यातून नकाशा काढणाऱ्याने दोन गोष्टी शिकाव्यात. भूखंडाजवळून जाणारा नाला किंवा खाडी नकाशावरून कधीही वगळू नये. ती दाखविल्यास परवानगी अडेल या भीतीने वगळणारा स्वतःच्या कुटुंबाला पाण्यात लोटतो. आणि जोत्याची उंची लिहिताना ती रस्त्याच्या पातळीशी तुलना करून लिहावी. संहितेने सभोवतालच्या जमिनीपासून जोते किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे असे म्हटले आहे. पूर येणाऱ्या भागात मागील पुराच्या पाण्याची खूण शेजाऱ्यांना विचारून घ्यावी आणि जोते तिच्या वर जाईल असे पाहावे.

आगीची कथा अधिक हृदयद्रावक आहे. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीस आग लागली. सर्वांत वरच्या भागात शिकवणीचे वर्ग चालत असत. खाली उतरण्याची वाट धुराने आणि ज्वाळांनी अडविली. कित्येक मुलामुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. या दुर्घटनेत २२ जण मृत्युमुखी पडले. छतावर उभारलेले बांधकाम नियमबाह्य होते, हे पुढे चौकशीतून समोर आले.

जिना किती रुंद, तो कोठे उघडतो, दुसरी वाट आहे की नाही, अग्निशामक बंब भूखंडापर्यंत येऊ शकेल एवढा रस्ता आहे की नाही, हे प्रश्न परवानगी देणारे कार्यालय नकाशा पाहून विचारते. नकाशात एक दाखवून जागेवर दुसरे बांधले, तर ते प्रश्न कोणीच विचारीत नाही. ते आगीच्या दिवशी विचारले जातात. मंजुरीनंतर नकाशात बदल करावयाचा असेल तर सुधारित नकाशा सादर करण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. शिक्षकांनी व पालकांनीही ज्या इमारतीत मुले शिकावयास जातात, तिचा मंजूर नकाशा पाहावयास मागण्यात संकोच बाळगू नये.

गावठाणातील घर

सुरतेत राहणाऱ्या कुटुंबाला गावाकडे घर बांधावयाचे असेल, तर तेथील रीत काहीशी वेगळी आहे. गावठाणातील पुष्कळ घरांना पूर्वी हद्दीचा नकाशाच नव्हता; ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील नोंद एवढाच आधार असे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली. या योजनेत गावठाणातील मिळकतींचे नकाशे तयार होऊन मालकांना मिळकत पत्रिका देण्यात येतात. ज्यांच्या गावी ही मोजणी झाली आहे त्यांनी आपली मिळकत पत्रिका मिळवून, तिच्यातील हद्द व क्षेत्र प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. बाहेरगावी राहणाऱ्यांच्या बाबतीत चूक राहून जाण्याचा संभव अधिक असतो, कारण मोजणीच्या दिवशी घराला कुलूप असते.

ग्रामीण भागातील लहान घरांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये प्रक्रिया सुलभ केली. त्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना मालकीचे कागद, जागेचा अभिन्यास, इमारतीचा आराखडा आणि हे नकाशे नियमांप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीस सादर करून आवश्यक शुल्क भरावयाचे असते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी ग्रामपंचायतीने छाननी करून बांधकाम प्रारंभाचा दाखला १० दिवसांत द्यावा, अशी व्यवस्था करण्यात आली. सवलतीमुळे नकाशा अनावश्यक झाला, अशी समजूत काही ठिकाणी पसरली आहे. ती बरोबर नाही. उलट तपासणीचा एक टप्पा कमी झाल्याने नकाशा बिनचूक असण्याची जबाबदारी मालकावर व अभियंत्यावर अधिकच आली आहे. वर दिलेल्या उदाहरणातील १३८ चौरस मीटरचा भूखंड पहिल्या वर्गात बसतो. मोजमापातील थोडीशी चूक काठावरच्या भूखंडाला एका वर्गातून दुसऱ्यात ढकलू शकते.

गावातील नकाशावर विहीर, शौचालय व शोषखड्डा यांची जागा आवर्जून दाखवावी. शेजाऱ्याची विहीर भिंतीपलीकडे आहे म्हणून ती नकाशाबाहेर ठेवू नये. पाणी भिंत पाहून झिरपत नाही.

नकाशा कोणी काढावा

परवानगीचा नकाशा वास्तुशास्त्रज्ञाने किंवा संबंधित प्राधिकरणाचा परवाना असलेल्या अभियंत्याने काढून त्यावर स्वाक्षरी केली पाहिजे. तथापि मालकाने केवळ सही करून मोकळे होऊ नये. अभियंत्याकडे जाण्यापूर्वी त्याने स्वतः एक कच्चे रेखाचित्र करावे. चारही बाजू, दोन्ही कर्ण, रस्त्याची रुंदी, शेजाऱ्यांची नावे, तार, झाड, नळ, गटार एवढे त्यावर लिहावे. नकाशा तयार होऊन आला की आपल्या रेखाचित्राशी तो ताडून पाहावा. एखादी हद्द जुळत नसेल तर तेव्हाच विचारावे. जागेवर न येता कार्यालयात बसून नकाशा काढून देणाऱ्याकडे काम सोपवू नये, मग त्याचे शुल्क कितीही कमी असो.

परत येणाऱ्या अर्जांत ठराविक उणिवा पुन्हा पुन्हा आढळतात : उताऱ्यातील व नकाशातील क्षेत्र जुळत नाही, रस्त्याची रुंदी लिहिलेली नाही, सामासिक अंतर फक्त समोर दाखविले आहे, जुने बांधकाम दाखविलेले नाही, सर्व सहमालकांच्या सह्या नाहीत, जागेच्या नकाशातील इमारतीची मापे आणि आराखड्यातील मापे वेगळी आहेत. यांतील एकही उणीव दूर करण्यास पैसा लागत नाही, लागते ते केवळ लक्ष. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीही अर्ज परत करताना सर्व उणिवा एकदम आणि साध्या भाषेत कळविल्यास सुरतेहून रजा काढून गावी येणाऱ्या कामगाराच्या फेऱ्या वाचतील.

मंजूर नकाशाची प्रत घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. काम सुरू असताना तिची एक प्रत जागेवर असावी आणि जोत्यापर्यंत काम आल्यावर टेप घेऊन मापे पुन्हा पाहावीत. त्या टप्प्यावर सापडलेली चूक थोड्या खर्चात सुधारता येते. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेण्यास विसरू नये. पुढे कर्ज, विक्री आणि वारसाहक्क या प्रत्येक प्रसंगी हाच कागद उपयोगी पडतो.

उधन्याच्या एखाद्या खोलीत रात्रपाळी करून माणूस जे घर उभे करतो, ते त्याच्या आयुष्याची कमाई असते. ते शेजाऱ्याच्या भांडणात, रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा पुराच्या पाण्यात जाऊ नये, एवढीच नकाशाची मागणी आहे. पुढच्या आखाजीला गावी येताना कापड-चोपडाबरोबर एक चांगली टेप आणावी, घरातील शिकत्या मुलाला हाताशी घ्यावे आणि प्रथम आपल्या जागेचे चारही कोपरे व दोन्ही कर्ण मोजून कागदावर लिहावेत. घराचे काम तेथूनच सुरू होते.